कमानीतला अबोला

आमच्या इमारतीच्या तोंडावर चुन्याचे दोन सिंह आहेत. सिंह आहेत हे सांगावं लागतं, कारण नवा माणूस त्यांना कुत्रेच समजतो. ज्या कारागिरानं ते केले त्यानं जन्मात सिंह पाह्यला नसंल, कुत्रं मात्र रोज पाह्यलं असंल. एकाची जीभ बाहेर आलेली आहे. माझी बायको उन्हाळ्यात त्याच्याकडं बघून म्हणायची, "त्याला पाणी तरी पाजा कुणी."

दोन सिंहांच्या मधी एक गोल भोक आहे. ते घड्याळासाठी ठेवलं होतं. निजामाच्या राज्यात एका कापसाच्या व्यापाऱ्यानं ही इमारत बांधली. दगड झाला, चुना झाला, सागवानी सज्जे झाले, सज्ज्यांना मोराच्या नक्षीचे कठडे झाले, अन् घड्याळाच्या वेळेला एकतर पैसा संपला न्हाईतर हौस संपली. मंग त्या भोकात कबुतरं राहायला आली. ती अजून आहेत. भाडं देत न्हाईत अन् मालकाला काढताही येत न्हाईत. म्हणजे आमच्यासारखेच जुने भाडेकरू.

जुन्या जालन्यात मस्तगडाकडून बाजारात उतरलं की ही इमारत लागते. तिचं नाव दगडात कोरलेलं आहे, पण त्याच्यावर कपड्याच्या दुकानाची पाटी आहे अन् पाटीवर मोबाइलचं बॅनर आहे, त्यामुळं ते नाव आता कुणालाच ठाऊक न्हाई. सगळे नुसतं 'कमान' म्हणतात, कारण इमारतीच्या पोटातून रस्ता आरपार जातो. चार बाजूंना चार कमानी, चार कोपऱ्यांना चार दगडी खांब, खांब कसले, बैलाच्या पाठीएवढे रुंद, अन् वर बुटका घुमट. घमेलं उपडं घालावं तसा. आतून चुना असा घोटलेला आहे की हळद उतरलेल्या नवरदेवाचा गालही इतका गुळगुळीत नसतो.

एका खांबाला लागून माझं दोराचं दुकान. कासरे, दावी, म्होरक्या, वेसणी, जे जनावराला लागतं ते. आमच्या घरात आज्यापर्यंत मेंढरं होती. बापानं मेंढरं विकली अन् दोर विकायला बसला. म्हणजे जनावर सुटलं, दावं हातात राह्यलं. मी चौथीतून उठून त्याच्याजवळ बसलो तो अजून उठलो न्हाई.

माझ्या बराबर तिरप्या कोपऱ्यात, समोरच्या खांबाच्या पोटात, एक माणूस मांडी घालून बसंल एवढा कोनाडा आहे. लग्न झाल्यावर तिथं माझी बायको बसायला लागली. ती बैलाचा साज विकायची. गोंडे, घुंगरमाळा, झुली, पोळ्याच्या वेळी बाशिंगं. मी बैलाला बांधायचो अन् ती नटवायची. लोक म्हणायचे जोडी जमली.

जमली कशी ते ऐका. ती हसनाबादची. तिकडच्या बाईला तोंड असतंच, हिला जरा जास्तीचं आल्तं. नवीन लग्न होतं. एका गिऱ्हाईकानं विचारलं, गोंड्याचा रंग जातो का? मी म्हणलं, जातो. खरं ते सांगितलं. ती अशी चिडली की बाजाराकडं पाठ करून, कोनाड्याच्या भिंतीकडं तोंड करून बसली. मीही माझ्या कोपऱ्यात तोंड घालून दोर नीट करायला लागलो. तेवढ्यात माझ्या कानाशी कुणी बोललं, "दोर विकता विकता अक्कलबी विकून बसला हा माणूस."

मी मागं पाह्यलं. कुणी न्हाई. मधून बैलगाडी चालली होती, हातगाड्या होत्या, ती पार तिकडच्या टोकाला पाठमोरी. पण आवाज तिचाच. मी भिंतीशी हळूच म्हणलं, "अक्कल असती तर हसनाबादची सोयरीक केली असती का?"

ती किंचाळली अन् गोंडे टाकून रस्त्यावर आली. त्यानंतर एक आठवडा ती खांबाला लिंबू वाहत होती. खांबात कुणीतरी आहे अन् ते आपल्या नवऱ्यासारखंच कुजकं बोलतं, अशी तिची समजूत झाल्ती.

मंग हळूहळू आमच्या दोघांच्या ध्यानात आलं. एका कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून हळू बोललं की बोलणं खांबावरून वर चढतं, घुमटाच्या पोटातून सरपटत जातं अन् तिरप्या कोपऱ्यात उतरतं. ओरडलं तर जात न्हाई. बाजाराकडं तोंड करून बोललं तरी जात न्हाई. कुणी म्हणंल व्यापाऱ्यानं चोरून ऐकायला मुद्दाम केलं. मला तसं वाटत न्हाई. ज्याला सिंह जमला न्हाई त्याला हे ठरवून कसं जमंल? चुकून झालं असंल. चांगल्या गोष्टी बऱ्याच वेळा चुकूनच होतात. दुसऱ्या दोन कोपऱ्यांतही होत असंल, पण एकात विजेची पेटी आहे अन् दुसऱ्यात उसाच्या रसाचं मशीन. तिथं तोंड घालायची कुणाची हिंमत झाली न्हाई.

धंद्याला तर सोन्याचा उपयोग झाला. खेड्यातला माणूस कासऱ्याचा भाव विचारायचा, ऐकून तोंड कडू करायचा अन् सोबत्याला घेऊन बाजूला जायचा. बाजूला म्हणजे कुठं? तर बरोबर तिच्या कोनाड्याजवळ, कारण तिथं आडोसा आहे अन् ती जागा माझ्यापासून सगळ्यात लांब. तिथं तो भिंतीकडं वळून म्हणायचा, "घ्यायचा तर हायच, पण जरा ताणून धर." ते मला इकडं बराबर ऐकू यायचं. तो परत येईस्तोवर मीही ताणून बसलेला. पण कधी कधी त्याच्या मागून तिचा आवाज यायचा, "उगं ताणू नका. त्याच्या बैलानं काल दावं तोडलंय, पोराला लागलंय. देऊन टाका." मंग मी देऊन टाकायचो, अन् तो माणूस मिशीला हात लावत जायचा की आपण दोरवाल्याला वाकवलं.

आता गंमत अशी की बाजाराला हे काही दिसत न्हाई. बाजाराला काय दिसतं? नवरा या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून, बायको त्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. बाजारानं ठरवून टाकलं की या दोघांचा अबोला आहे. साधासुधा न्हाई, जन्माचा. सोडवायला माणसं यायला लागली. आम्ही सांगावं कसं? सांगितलं असतं तर धंदा गेला असता.

एकदा तर हसनाबादहून माझा मेहुणाच आला. त्याला कुणीतरी निरोप दिल्ता. तो बरोबर घुमटाच्या मधोमध उभा राह्यला, हात जोडून.

"दाजी, आमच्या अक्काचं काय चुकलं ते सांगा. मी तिच्या वतीनं पाया पडतो."

मी काही बोलायच्या आत कोपऱ्यातून ती म्हणली, "उपाशी आलाय तो. आधी चहा-भजी सांगा, मंग पाया पडू द्या."

मी भिंतीला म्हणलं, "सांगतो. तुलाबी सांगू का?"

मेहुण्याला दिसलं एवढंच की दाजीनं त्याच्याकडं पाठ फिरवली अन् भिंतीला काहीतरी पुटपुटलं. तो रडायला लागला. तिकडं ही तोंडात पदर कोंबून हसत होती, तर त्याला वाटलं अक्काही रडतीय. भजी खाऊन गेला बिचारा, पण जेवढा रडला तेवढं काही कुणी रडत नव्हतं.

अशी आमची सगळी उमर गेली. घरी आम्ही फारसं बोलत नव्हतो. बोलायला शिल्लकच राहत नव्हतं.

मागच्या थंडीत एका दुपारी मी पावती लिहायला चष्मा शोधत होतो. पेटी पाह्यली, दोराची वेटोळी उचलून पाह्यली. कोपऱ्यातून आवाज आला, "कपाळावर हाय." मी हात लावला, होता. म्हणलं, "जल्दी सांगायचं ना." ती म्हणली, "मज्जा बघून राह्यलते." त्या दिवशी तिच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेली, अन् ती कोनाड्यात परत बसली न्हाई. तिचं तिथलं शेवटचं बोलणं हे असं. लोकांच्या बायका जाताना काय काय सांगून जातात.

दहाव्याला सगळी कमान आल्ती. भांडेवाला माझ्या दुकानाला लागून असतो, मऊ काळजाचा माणूस, त्यानं माझा हात धरला अन् हमसून हमसून रडला. "आबा, बोलायचं राहूनच गेलं हो तुमचं! उभ्या जन्मात दोन शब्द न्हाईत." मीही रडत होतो, म्हणून त्याला वाटलं मला पस्तावा झाला. माझ्या रडण्याचा असा उलटा अर्थ लागला. पण रडताना माणसानं खुलासा कसा करावा? अन् केला असता तरी कुणी म्हणलं असतं, म्हाताऱ्याला धक्का बसलाय, खांबात बोलणं ऐकू येतं म्हणतो.

दुकान उघडल्यावर मी पुन्हा कोपऱ्यात तोंड घातलं. सवयच ती. रोज सकाळी शटर वर केलं की भिंतीला सांगायचो. नायलॉनचा दोर कसा हाताला टोचतो. लेकीचा फोन आल्ता. भाजी मी केली अन् मीच फेकली. समोर कोनाडा रिकामा होता. रिकाम्या कोनाड्यात बोललेलं कुठं जातं मला ठाऊक न्हाई. पण माझ्यातून निघून जायचं, तेवढं बस होतं. ते केलं की दिवस ढकलता यायचा. न केलं त्या दिवशी जेवण जात नव्हतं.

मालक, म्हणजे आमचे शेठ, ज्यांच्या आज्यानं इमारत बांधली, त्यांनी तो कोनाडा पाडव्याला एका बांगडीवालीला दिला. पन्नाशीची बाई, सगळे तिला आपा म्हणतात. मला राग आला. तिची काचेची झुंबरं माझ्या बायकोच्या गोंड्याच्या खिळ्यांना लटकली. मी तिच्याशी एक शब्द बोललो न्हाई. ती बाजाराकडं तोंड करून बसायची, बायकांच्या मनगटात बांगड्या चढवायची, तिला काय ऐकू जातंय, असं धरून मी आपलं सकाळचं चालूच ठेवलं.

मंग शिलिंगचं, म्हणजे घुमटाखाली खोटं छत ठोकायचं निघालं.

आपा चहाला गेली की कपडेवाला तिच्या कोनाड्याच्या आडोशाला यायचा. हा कमानीतला सगळ्यात मोठा दुकानदार, पुतळ्यांना टाय घालून उभं करणारा. सोबत भांडेवाल्याला आणायचा. त्यांना वाटायचं सगळ्या बाजारात हीच एक जागा गुपचूप बोलायची. सगळ्यांना तसंच वाटतं. तिथं मी सोयरिकी मोडलेल्या ऐकल्या, खोट्या आजारपणाचे बेत ऐकले, खुद्द माझ्याबद्दल 'म्हातारा खडूस हाय' हे तर किती जणांकडून ऐकलं.

कपडेवाला म्हणत होता, "नदीपल्याड नवीन जालन्यात बघ. एकेक शोरूम कसं! अन् आपल्या डोक्यावर हा काळा घुमट. खालून पांढरं शिलिंग ठोकू, लाइटी बसवू. गिऱ्हाइकाला वाटलं पाह्यजे मॉलमधी आलो."

भांडेवाला म्हणला, "शेठ हो म्हणायचे न्हाईत."

"सांगू, चुन्याचा पोपडा पडून बाईचं डोकं फुटलं म्हणून."

शिलिंग लागलं की खांबावरून चढणारा आवाज त्या पांढऱ्या पत्र्याला अडणार. घुमट वर राहील अन् मी खाली. तिला सांगायचं मंग कुठून? कुणाला समजावूही शकत नव्हतो. कारण सांगितलं, की या कोपऱ्यातलं त्या कोपऱ्यात ऐकू जातं, तर ज्यांनी ज्यांनी तिथं उभं राहून काही बोललंय ते सगळे स्वतःच्या खर्चानं दुसऱ्या दिवशी शिलिंग ठोकतील.

म्हणून मी आधीच शेठकडं गेलो. म्हणलं, "शेठ, कुणी सांगत आलं की डोकं फुटलं, तर टाके दाखव म्हणा."

दुसऱ्या दिवशी शेठ कपडेवाल्याला म्हणले, "टाके दाखव." त्याचं तोंड पडलं.

मंग त्या दोघांनी ठरवलं, कबुतराची घाण दाखवू. शेठ यायच्या आधी मी खराटा घेऊन सगळी कमान झाडून काढली, पाणी मारलं. शेठ खूश. कपडेवाला बघत राह्यला. आता त्याला भांडेवाल्याचाच संशय आला की हाच फोडतोय. दोघं एकमेकांच्या आयाबहिणींवर आले, तेही त्याच कोपऱ्यात उभं राहून, हळू आवाजात. लई दिवसांनी मी पोट धरून हसलो. हसून झाल्यावर तिला सांगायला भिंतीकडं वळलो अन् मंग आठवलं.

पण कपडेवाला काही सोडणारा नव्हता. त्यानं शेठला सांगितलं, शिलिंगचा खर्चा मी करतो. फुकट म्हणलं की आमचे शेठ लोण्यावानी होतात. सोमवारी माप घ्यायला माणूस येणार असं ठरलं.

शनिवारी मी काही कामाचा नव्हतो. चष्मा सापडंना. पेटी पाह्यली, वेटोळी पाह्यली, खाली बसून शटरखाली हात घालून पाह्यला. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"कपाळ पे है, चाचा."

गुडघ्यावर होतो तसाच राह्यलो. हात हळूहळू कपाळाला नेला. होता. तिकडं पाह्यलं तर आपा भिंतीकडं तोंड करून बसलेली.

मी भिंतीला म्हणलं, "तुला... तुला ऐकू येतं?"

"पाडवे से सुन रही हूँ ना. सकाळी दुकान खोलती, तो तुमचं सुरू. भाजी जळी, दाढ दुखी, लेकीचा फोन आया. मेरे घर में बी इतना कोई नहीं बोलता."

मला इतकी लाज वाटली की रागच आला. "मंग सांगायचं न्हाई का? दुसऱ्याच्या बायकोशी बोललेलं ऐकत बसतीस?"

"मैं किसकू बोली क्या?" ती म्हणली. "एक को बी नहीं. अन् चाचा, भाजीत पाणी आधी नक्को टाकू. म्हणून जळती न्हाई तर शिजती न्हाई."

मी चष्मा नाकावर घेतला. ती थोड्या वेळानं म्हणली, "सोमवार को वो शिलिंगवाला आ रहा. मालूम है?"

"मालूम हाय."

"तो काय करायचं?"

आम्ही दोघांनी भिंतीला तोंड लावून जे ठरवलं ते सोमवारी केलं.

सोमवारी माप घेणारा आला, लांब टेप घेऊन. शेठ आले. ऊन होतं. शेठचं वय माझ्याहून जास्ती, पण केस काळेकुळकुळीत. मी म्हणलं, "शेठ, उन्हात कशाला? बसा इथं." दोराच्या मोठ्या वेटोळ्यावर गोणपाट टाकलं अन् त्यांना माझ्या कोपऱ्यात बसवलं, कान खांबाला लागंल असं. "टेका घ्या, दगड गार असतो."

तिकडं आपानं कपडेवाल्याला हाक मारली, "भाईजान, काही खासगी बोलायचं तर इकडं या, आडोसा हाय. मैं चाय पी के आती."

कपडेवाला त्या माप घेणाऱ्याला घेऊन कोनाड्यात शिरला. अन् शेठच्या कानात, त्यांच्या आज्याच्या घुमटातून, स्वच्छ आवाज उतरला.

"पातळ पत्रा लाव. म्हाताऱ्याला काय कळतंय? केसाला कलप लावतो अन् भुवया विसरतो. अजून एकदोन उन्हाळे काढंल. तो गेला की पोरांकडून वरचा मजला मीच घेतो. हे सिंहबिंह पाडून काचा लावू."

शेठ ताडकन उठले. एक हात भुवईवर. माझ्याकडं पाह्यलं, खांबाकडं पाह्यलं, वर घुमटाकडं पाह्यलं. मंग पुन्हा खाली बसले अन् कान लावला. व्यापाऱ्याची जात, आणखी काही मिळतं का ते आधी बघितलं. मंग उठून, काठी आपटत, कमानीच्या मधोमध गेले.

"शिलिंग नको," म्हणले. "सिंहाला हात लावला तर बघ. अन् माझे उन्हाळे मोजू नको."

कपडेवाल्यानं भांडेवाल्याकडं असं पाह्यलं की भांडेवाला लागलीच आपल्या दुकानात, पातेल्यांच्या मागं.

मी मनात म्हणलं, झालं, सुटलो. पण कसला सुटतोय. मंगळवारी सकाळी दुकान उघडायला आलो तर माझ्या कोपऱ्यात शेठ. घरून खुर्ची आणलेली, उशी आणलेली, पाण्याचा तांब्या आणलेला.

"दोरवाल्या, तू आजपासून तिकडं पायरीवर बस. मला इथं गार वाटतं."

भाडेकरू काय काय बोलतात ते ऐकायचा त्यांना नाद लागला. आज्याची इमारत त्यांना म्हातारपणी कळली, अन् एकदा कळल्यावर सोडवंना. मी पायरीवर बसलो, रसाच्या मशीनजवळ, घुंगराच्या आवाजात. घुमट वाचला अन् माझी जागा गेली. दोन दिवस तिला काही सांगितलं न्हाई. भाजी चांगली झाल्ती, पाणी नंतर टाकलं होतं, तेही सांगता आलं न्हाई. घास तोंडात फिरायचा नुसता.

आपाला ते दिसत होतं. ती पायरीवरून जाता जाता म्हणली, "चाचा, तुमारे शेठ कू एक बात मालूम नहीं. रस्ता दोन्ही बाजूनं चलता."

शेठ भिंतीकडं तोंड करून बसायचे. त्यांना साखरेचा आजार. घरात सुनेचा पहारा. बाजारात मात्र जिलेबीचं दुकान जवळ. ते खिशातून पुडकं काढायचे, भिंतीच्या आडोशानं खायचे अन् स्वतःशीच बोलायचे. हे मला पायरीवरून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. आपाला ऐकू येत होतं.

गुरुवारी शेठनं पुडकं काढलं. नंतर आपानं मला सांगितलं की ते म्हणले, "एकच. बरं, अजून एक. अन् ही शेवटची. कोण बघतंय?"

अन् त्यांच्या कानात आवाज उतरला, "तिसरी हाय ही, शेठजी. डॉक्टर साहब क्या बोले?"

शेठना असा ठसका लागला की रसवाला ग्लास घेऊन धावला. ते डोळे फाडून समोर बघत राह्यले. आपा आरामात बांगड्या पुसत होती. मंग भिंतीकडं वळून तिनं अजून काहीतरी हळू सांगितलं. शेठ उठले, उशी उचलली, खुर्ची तशीच ठेवली अन् निघाले. माझ्याजवळून जाताना म्हणले, "तुझी जागा तुला. लई सर्द हाय तिथं, माझा खांदा धरला."

मी आपाला विचारलं, "काय सांगितलं ग?"

"कुछ नहीं. बोली, तुमची सून उद्या चुड्या भरायला येनार हाय. सलाम सांगू क्या?"

तेव्हापासून शेठ कमानीत येतात, सिंहांकडं बघतात, एकाला नवीन जीभ लावायचं बोलतात अन् जातात. खांबाजवळ थांबत न्हाईत. कुणाला काही सांगतही न्हाईत, कारण सांगायला गेलं तर जिलेबी निघते. कपडेवाल्यानं त्या कोनाड्यात बोलणं सोडलंय. तो आता मोबाइलवर बोलतो, मोठ्यानं, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं.

खुर्ची मी ठेवून घेतली. चांगली आहे.

आपानं मला एक सांगून ठेवलंय. म्हणली, "चाचा, सकाळी दुकान खोल के मैं चाय कू जाती. तेवढ्यात बोलून घ्या चाची से. मेरे सामने नक्को, मेरे कू रोना आता." तशी ती जाते. कोनाड्यात बांगड्या लटकलेल्या असतात, बाई नसते, अन् मी बोलतो. ती आली की थोडं तिच्याशी. भाजीचं, बाजाराचं. तीही भिंतीकडं तोंड करून, मीही भिंतीकडं तोंड करून.

हे बाजाराला कसं दिसत असंल ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई. काल सकाळी भांडेवाला आला. खाली मान घालून उभा राह्यला. मला वाटलं उधार मागतो का काय.

"आबा," म्हणला, "लहान तोंडी मोठा घास. पण एकदा झालं तेवढं बस झालं. त्या आपाशी तरी बोला. जागा शेठनं दिली, तिचा काय दोष? माणूस हाय तोवर दोन शब्द बोलून घ्यावं, आबा. नंतर भिंतीशी बोलून काय उपयोग?"

त्याचे डोळे भरले. याला रडायला काही लागत न्हाई.

मी म्हणलं, "बोलतो."

"खरंच?"

"बिलकुल."

तो समाधानानं गेला. आपा चहाला गेल्ती. मी कोपऱ्यात तोंड घातलं अन् भांडेवाला काय म्हणला ते तिला सगळं सांगितलं, त्याच्या आवाजात, त्याच्या हुंदक्यासकट. अशा नकला तिला आवडायच्या.

मंग गिऱ्हाईक आलं. पावती लिहायची होती, चष्मा सापडंना. पेटी पाह्यली, वेटोळी उचलून पाह्यली. जरा थांबलो, तिकडून कुणी काही बोलतं का म्हणून.

मंग मीच कपाळाला हात लावला. होता.